न पिणाऱ्याचं लिव्हर

ओझरच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर एक वयाने मोठे सहकारी होते. कुणी रिटायर झालं की ढाब्यावर पार्टी व्हायची. पिणारे पीत, आणि ते कोल्ड्रिंकच्या बाटल्या रिचवत सगळ्यांचा चकणा संपवत. तोंडात शेंगदाणे असतानाच पिणाऱ्यांना दम भरत, "लिव्हर सांभाळा रे, बाबांनो." मीही न पिणारा, म्हणून त्यांच्याच शेजारी, त्याच ताटलीवर.

एकदा सोनोग्राफीत त्यांच्याच लिव्हरवर चरबी निघाली. रक्तात साखरही वाढलेली. मला वाटलं, ते आता हे लपवतील, कारण लिव्हर म्हटलं की लोक दारूच समजतात. पण पुढच्या पार्टीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "थेंबही न घेता माझं लिव्हर बिघडलंय. डॉक्टर म्हणतात, हे सुटलेलं पोट, ही साखर आणि ते लिव्हर, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे."

पिणारे हसले. ते शांतपणे खाली बसले आणि आमच्या दोघांमधली ताटली त्यांनी पलीकडे सरकवली. माझ्या तोंडात अजून शेव होती.

"सोनोग्राफीला तुझाही नंबर लावलाय," ते हळूच म्हणाले. "उद्या सकाळी उपाशीपोटी ये."