न मरण्याइतकी ऊब

महागावजवळच्या तांड्यावरच्या जमनीनं ऊसतोडीचे अकरा हिवाळे फडातल्या पाचटाच्या कोपीत काढले होते. आता तिची लेक ममता हिमालयात गिर्यारोहण शिकायला निघाली होती, म्हणून मायलेकी उमरखेडच्या दुकानात स्लीपिंग बॅग पाहत होत्या.

"शून्य डिग्रीची हाये. घडी बी लहान होते," दुकानदार म्हणाला.

ममतानं बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवरची बारीक अक्षरं आईला वाचून दाखवली. "याडी, शून्याले माणूस मरत नाई एवढंच. सुखानं झोपाले ही बॅग आठ डिग्रीपर्यंतच चालते."

दुकानदार हसला. "तुमच्या तांड्यातल्या लोकांले कुठं थंडी वाजते, मावशी?"

जमनीचं डोकं भणाणलं. "मी अकरा वर्षं मेली नाई, भाऊ. पण झोपली बी नाई. पोरीले झोपाची बॅग दे."

त्यानं वरच्या फळीवरची पिसांची बॅग काढली. ममतानं ती मुठीमुठीनं पिशवीत कोंबली, तर पायलीएवढी झाली. तरी जमनीचा राग उतरेना. तिनं बॅग पुन्हा उपसली, दुकानाच्या मधोमध अंथरली आणि लेकीला आत घालून चेन गळ्यापर्यंत ओढली.

"घाम फुटल्याबिगर उठू नको," ती म्हणाली, आणि आलेल्या गिऱ्हाइकांना तिनं बाजूनं जायला लावलं.