गाऱ्हाणं घालावं तसं

दोडामार्गजवळच्या काजूच्या कारखान्यात मी सात वर्षं गर निवडत होते. अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. त्याआधी तिथेच आईने बावीस वर्षं काजू सोलले. टरफलाच्या तेलाने तिची बोटं काळी पडली ती कायमचीच. तिने एकदाही दिवसाचा रोज वाढवून मागितला नाही. "मागलंस तर भिकारी, भांडलंस तर भांडकुदळ. गप रव गो," हा तिचा मला उपदेश.

मालक आमच्याच गावचे, म्हणून सगळ्यांचे काका. काकांकडे पैसे मागणं परक्याकडे मागण्यापेक्षा अवघड.

एक दिवस नवीन बाई आली आणि पहिल्याच दिवशी तिला माझ्याइतका रोज ठरला. माझं डोकं फिरलं. सगळ्या बायकांसमोर मी ओरडले, "काका, तुमी माका फुकटची समाजलात काय?" मग बोलण्यात त्यांची नवी गाडी काढली, मुलाचं लग्न काढलं, आईची बोटंही काढली. किती वाढवून हवेत, तेवढं सांगायचं राहिलं. काका शांतपणे म्हणाले, "घराक जा, डोक्यार पाणी घाल, मगे ये." लाजेने दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

आता उरली गोव्याची गाडी. गावातल्या बायका पहाटे तिच्यात बसून तिकडच्या कारखान्यात जात. पैसे बरे होते, पण घरी यायला रात्र व्हायची आणि आई दिवसभर एकटी पडली असती. मला जायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात देवळात जत्रा होती. मानकऱ्याने नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं. लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या दिवशी नीट ऐकलं. "बा देवा म्हाराजा, पावसात व्हाळाचो साकव बुडता, पोरांका शाळेत जाताना काय होवक देव नको." ओढ्यावरचा पूल आणि पोरं, बस. शेजारच्या गावाला काय दिलंस असं त्याने देवाला विचारलं नाही, स्वतःचं रडगाणंही गायलं नाही. मागितलं आणि थांबला. लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा."

सोमवारी मी काकांच्या खोलीत गेले. म्हटलं, "काका, सात वर्षां झाली. निवडलेलो माल एकदाय परत येवक नाय. माका रोज पन्नास रुपये वाढवून होये." आणि गप्प बसले. ते गप्प बसणं फार जड गेलं. पुन्हा काकांची नवी गाडी आठवत होती, मुलाचं लग्नही.

"यंदा बाजार मंदो आसा गो," ते म्हणाले.

"आसात. तरी माका होये."

"आणि मी नाय म्हटलंय तर?"

"तर पुढच्या महिन्यापासून गोव्याच्या गाडयेत बसतलंय." मला राग आलेला नव्हता. खरं होतं तेच सांगितलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "बरा. एक तारखेपासून."

घरी आले तेव्हा आई मागच्या दारी भांडी घासत होती. काय बोलले, काका काय म्हणाले, ते सगळं तिला सांगितलं. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. तिने हात धुतले आणि ती बोटांकडे बघत राहिली.

"इतक्याच?" ती म्हणाली. "मागल्यार दितत?"