पांढऱ्या मातीचे दोन पट्टे

ये गो पोरी, अशी जवळ बस. किती महिन्यांनी तोंड दाखवतेस, आणि आल्या आल्या रंगाच्या नमुन्यांचे पुठ्ठे पुढं करतेस? वाशिंदच्या नव्या खोलीला हा पांढरा की तो पांढरा. मला काय विचारतेस? मलाही एकदा असंच विचारलं होतं.

म्हसा गावची जत्रा पांगली आणि आई गेली. माझं लग्न आधीच ठरलेलं. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. बाबा म्हणाले, उरकू. हळदीआधी भिंती पांढऱ्या करायला आत्या आली. येताना तिनं शहापूरच्या ओढ्याकाठची पांढरी माती आणली. आई मात्र दरसाल मुरबाडची, तिच्या माहेरची माती लावायची. त्यातली एक मडकंभर माळ्यावर उरली होती. आता पुन्हा आणायला कोण जाणार?

आत्यानं दोन्ही भिजवल्या. दाराशी भिंतीवर बोटांनी दोन पट्टे ओढले.

"बोल, कुठली लावू?"

"दोन्ही सारख्याच."

"ओल्या हायत म्हणून. सुकू दे. आईनं एवढं पन नाय शिकवलं?" बोलून गेली आणि तिचीच मान खाली गेली. मला काही वाटलं नाही. मी तांदूळ निवडत बसले.

सुकल्यावर एक शंखासारखी निघाली, दुसरी किंचित पिवळट, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. पिवळट ती आईची.

"हीच लावू गो," आत्या म्हणाली. "एका भिंतीपुरती तरी होईल. तिचा हात फिरल्यासारखं वाटेल."

मी आत्याच्या शंखपांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"दगड हायस नुसती."

असेन. रडू येतच नव्हतं. एवढंच कळत होतं, की आईची माती भिंतीला लागली की इथंच राहणार, आणि मी जाणार.

आईच्या भिजलेल्या मातीचे गोळे वळले, सुपात वाळवले, लुगड्यात बांधून आटगावला सासरी नेले. दिवाळीत चुलीमागं थोडी लावली. सासूबाई म्हणाल्या, "ही मळकट का दिसते गो?"

"ओली हाय," म्हटलं.

सुकल्यावर कुणी बघितलं नाही. पुढं संपली कधी, तेही आठवत नाही.

तर तू दोन्ही लावून बघ. सुकू दे, मग ठरव. आणि नाय ठरलं तरी परत ये. भिंतींसाठी थांबू नको, लवकर ये.