कांजण्यांतली दाढी

इथं आखातात, फहाहीलला आमच्या मुलीच्या वर्गात कांजण्यांची साथ आली आणि बाकांवरून उड्या मारत आमच्या घरात शिरली. सकाळी पोरीच्या पोटावर फोड दिसले. डॉक्टरनं औषध दिलं, शाळेनं घरी बसवलं. इथवर सगळं ठीक होतं. मग बायकोनं व्हिडिओ कॉलवर गुहागरला माझ्या आईला सांगितलं आणि खरं दुखणं सुरू झालं.

"देवी घरात आलीय," आई म्हणाली. "फोडणी बंद. तळण बंद. मच्छीचं नाव काढायचं नाही. आणि तू दाढी करायची नाहीस. केलीस तर मी अन्न सोडीन."

बिनफोडणीच्या वरणाला मी जेवण म्हणत नाही, पण तेही सोसलं असतं. दाढीचं काय करू? मी तेलाच्या प्लांटवर कामाला. विषारी वायू सुटला तर मास्क तोंडावर घट्ट बसला पाहिजे, म्हणून गालावर खुंट दिसले तरी गेटवरूनच परत पाठवतात. आमचा इजिप्शियन सेफ्टी ऑफिसर तर बोट फिरवून गाल तपासतो, बाजारात आंबा दाबून बघावा तसा. दाढी ठेवली तर नोकरी जाणार, काढली तर आई अन्न सोडणार. आणि ती बोलते ते करते!

"अगं, मास्क बसत नाही!"

"देवीपुढे मास्क कसला रे मेल्या?"

देवी म्हणजे काय, हे आजीनं समजावल्यावर पोरीनं विचारलं, "सो आय ॲम अ गॉडेस?" आणि पलंगावरूनच नैवेद्य मागायला लागली. नूडल्स, आइस्क्रीम, माझा मोबाइल.

शेवटी मी पहाटे दाढी करून कामावर जायचो आणि संध्याकाळी आईच्या कॉलआधी बायको माझ्या गालांवर काजळाचे ठिपके देऊन बोटानं पुसट करायची. "अहो, हलू नका, कल्ले कानात जातील," म्हणत स्वतःच हसून लोळायची. माझं डोकं तापायचं. आई मात्र फोनवर बघून म्हणायची, "कसा दिसतोस रे! पण पाळतोयस हो. गुणाचं माझं बाळ."

एका संध्याकाळी कॉल चालू असताना पोरगी माझ्या गळ्यात पडली, गालाला गाल घासला आणि काळीठिक्कर झाली. आजी किंचाळली, "अगो बाई, पोरीला काय झालं?"

पोरगी शांतपणे म्हणाली, "आजी, चिल. बाबाची दाढी वॉशेबल आहे."

आता बसते आई उपाशी! पण ती पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "अरे, तुला कांजण्या झाल्या तेव्हा तुझे बाबा रोज गुळगुळीत दाढी करून कचेरीत जायचे. देवीनं तुझं काय वाकडं केलं?"

"मग मला कशाला छळलंस गं?" मी ओरडलोच.

तिचं हसू थांबलं. "तेव्हा मी तुला मांडीवर घेऊन बसले होते. हिच्या अंगावरून मला साधा कडुनिंबाचा पाला फिरवता येत नाही. इथं बसून मी काय करू? नियम सांगते. तू 'हो आई' म्हणालास की वाटतं, तिथं तुमच्या घरात माझंही काहीतरी चाललंय."

काजळ शर्टाच्या कॉलरवर उतरलं होतं. "मग सांग ना," मी म्हटलं, "अजून काय पाळायचं?"

तिनं डोळे पुसले आणि बराच विचार केला. "तिला खाजवू देऊ नको."

"हो आई."