चावी फ्रीजमध्ये, डॉक्टर डोनेगलमध्ये

आयर्लंडमध्ये बर्फात गाडीच्या चाकांवर चढवायच्या साखळ्या विकत घेणारा माणूस आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं मला त्या विकणाऱ्यानंच सांगितलं. त्यानं त्या आल्प्समध्ये स्कीइंगला जाताना घेतल्या होत्या. इकडे आयुष्यात लागल्या नाहीत म्हणाला. मी म्हटलं, मलाही न लागोत, पण डिकीत असू देत.

कारण सांगतो. आमची मधुरा, म्हणजे माझी बायको, इथे राजधानीत ब्युमॉन्टला हॉस्पिटलात डॉक्टर. मिरजेत ती शिकायला होती तेव्हा मी तिच्या कॉलेजमागे मेस चालवायचो. ती कोशिंबिरीला नावं ठेवायची, तिथून आमचं जमलं. आता ती इकडे डॉक्टर आणि माझं सँट्रीत किराणा दुकान. मागच्या हिवाळ्यात घराजवळच्या उतारावर तिची गाडी काळ्या बर्फावरून घसरली. म्हणजे जो दिसत नाही तो बर्फ, रस्ता नुसता ओला वाटतो. गाडी गर्रकन फिरली आणि फुटपाथला टेकून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून मधुरा बसनं जायला लागली. ‘भीती वाटते’ असं एकदाही म्हणाली नाही. ‘बस कशी सोयीची पडते’ म्हणायची. इतक्या वर्षांनी मला तिच्या वाक्यांचा अर्थ कळतो.

आणि नेमकं तिला बोलावणं आलं डोनेगलहून, म्हणजे पार वायव्य टोकाच्या जिल्ह्यातून. बॅलीबोफेच्या वर, डोंगराच्या बाजूला एक छोटा दवाखाना; तिथले म्हातारे डॉक्टर निवृत्त व्हायचेत. तिला असाच गावाचा दवाखाना हवा होता, किती वर्षं बोलत होती. पण तिथे बस नाही. पेशंटच्या घरी जायचं तर आपणच गाडी हाणत जायचं, पाऊस असो की बर्फ. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मी म्हटलं, आधी रस्ता तर बघू. शनिवार-रविवार जाऊन येऊ. स्लायगोपर्यंत मी चालवतो, पुढे तू.

तासगावजवळून आलेल्या सासूबाई आमच्याकडेच होत्या, त्याही निघाल्या. त्यांच्यामुळे मार्ग ठरला. नकाशात जवळचा रस्ता नॉर्दर्न आयर्लंडमधून जातो, पण तो वेगळा देश. त्यांच्या व्हिसावर तिथे जायची मुभा नव्हती. पाहुणे घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी तपासा, रस्त्यात पाटी दिसेलच असं नाही. आम्ही स्लायगोवरून लांबचा धरला.

निघण्याआधी मी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मधुराकडून दोन्ही गोष्टींची तालीम करून घेतली: चाक बदलणं आणि साखळ्या चढवणं. कोरड्या जमिनीवर, उजेडात, हातमोजे घालून. ज्यांना हे पहिल्यांदा बर्फात उघडून बघायचंय त्यांना माझा नमस्कार. शेजारचा एकजण ‘आल्प्सला निघालात का’ विचारून गेला. सासूबाई गॅलरीतून बघत होत्या. हल्लीच्या गाड्यांत जादा चाकाऐवजी पंक्चर बुजवायच्या फेसाचा डबा देतात. मी मात्र भंगारवाल्याकडून पूर्ण मापाचं चाक आणून ठेवलंय. छोटं तात्पुरतं चाक असेल तर त्यावर साखळ्या चढवायच्या नाहीत, हेही लक्षात ठेवा. शिवाय इथे चोरी होऊ नये म्हणून प्रत्येक चाकाचा एक बोल्ट वेगळ्या नक्षीचा असतो, तो उघडायला खास चावी लागते. ती हरवू नये म्हणून मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवली. आपल्या घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधी असतं का? या वाक्यातच पुढचं सगळं आलं.

शनिवारी सकाळी निघालो. शहराला वळसा घालणाऱ्या एम-५० महामार्गाचा टोल नाका दिसत नाही, कॅमेरा फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन भरा, नाहीतर दंड. एम-४ वर मात्र नाका आहे, तीनेक युरो. कॅरिकला थांबून सूप आणि ब्राउन ब्रेड खाल्ला. सासूबाईंनी ब्रेड बोटानं दाबून पाहिला आणि ‘भाकरीच्या जवळचा हाय’ असा शेरा दिला. इकडच्या कुठल्याच पदार्थाला त्यांच्याकडून याहून मोठी पदवी मिळालेली नाही.

स्लायगोला मधुरा स्टीअरिंगवर बसली. पहिला अर्धा तास तिनं ते घट्ट आवळून धरलं होतं. डावीकडे समुद्र, उजवीकडे टेबलासारखा सपाट माथ्याचा डोंगर. मी फोटो काढायचं सोडून तिच्या बोटांकडे बघत होतो. डोनेगल गावाच्या पुढे बार्न्समोर गॅप लागतो, दोन काळ्या डोंगरांमधून गेलेला लांब रस्ता, माथ्यावर बर्फ. तिची बोटं जरा सैल पडली होती. तेवढ्यात पुढचं डावं चाक खड्ड्यात आदळलं, आणि थोड्याच अंतरात गाडी डावीकडे ओढायला लागली.

तिनं सगळं बरोबर केलं. ब्रेक दाबला नाही, पाय उचलला, सिग्नल दिला आणि रस्त्यापासून आत, एका फाटकासमोर सपाट खडीवर गाडी घेतली. मग दोन्ही हात तसेच ठेवून बसून राहिली.

“तू कर, सतीश. मी आत बसते. आणि परत येताना तूच चालव.”

मी चमकणारं पिवळं जाकीट घातलं, लाल त्रिकोण बराच मागे नेऊन उभा केला. गाडीला मागून कुणी ठोकलं तर आतला माणूस सापडतो, म्हणून सगळ्यांनी बाहेर यायचं आणि रस्त्यापासून लांब उभं राहायचं. सासूबाईंना दगडी कुंपणाआड नेलं. मधुरा उतरली, पण त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. मी जॅक काढला. तेवढ्यात कुंपणाआडून आवाज आला.

“म्होरं काय करनार हाईस गं? चाक बसलं की सतीशरावांना सँट्रीवनं बोलवून घेनार व्हय? आनि पेशंट तवर थांबंल?”

मधुरानं हातमोजे चढवले आणि माझ्या हातातला जॅक काढून घेतला. ऑपरेशनच्या आधी हे लोक थांबून एकेक गोष्ट मोठ्यानं विचारून घेतात, तो तिचा जुना आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकला.

“हँडब्रेक?”

“ओढलाय.”

“गिअर?”

“पहिला.”

“मागच्या चाकाला दगड?”

“दोन्ही बाजूंनी.”

“आई?”

“कुंपणाआड. बोलतायत.”

“चावी?”

मी डबा उघडला. आत कोथिंबीरवड्या. घरात असे दोन डबे, एकच कंपनी, एकच रंग. मी सासूबाईंकडे पाहिलं.

“त्यो व्हय? म्या ठिवला की फ्रीजात. उरलेल्या वड्या म्हनून.”

मधुरानं पुढे होऊन डब्यात डोकावून पाहिलं. मग तिला हसू फुटलं, इतकं, की तिला बॉनेटला धरून उभं राहावं लागलं. मीही हसलो. मागून लॉऱ्या जात होत्या आणि आम्ही तिघं डोंगरात वड्यांचा डबा उघडून उभे. भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण ती पुन्हा गाडीत जाऊन बसली नाही.

मेंढ्यांचा चारा भरलेली एक जीप आमच्यापाशी थांबली. उतरला तो ह्यूई, साठीचा, टोपीवाला, खालच्याच अंगाला शेत. सगळं ऐकून घेतलं. चावी फ्रीजमध्ये, हे त्यानं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं; संध्याकाळी कुठेतरी सांगायचं असणार. मग जीपमधून एक जुना पाना आणला, बोल्टाच्या मापापेक्षा किंचित लहान, आणि हातोडीनं तो बोल्टावर ठोकून घट्ट बसवला. लांब दांडा लावून हिसका दिला. बोल्ट सुटला, पाना मात्र त्यात कायमचा अडकला. ग्रँड, म्हणजे इकडचं ‘झकास’, म्हणाला आणि पुढचं करायला वाकला. मीही वाकलो.

“थँक्यू, ह्यूई,” मधुरा म्हणाली. “इथून पुढे मी करते. सतीश, मी मागेन तेवढंच दे.”

ह्यूईनं माझ्याकडे पाहिलं आणि हात खिशात घातले. मीही घातले. आयुष्यात मी जे काही उभं केलं ते स्वतःच्या हातांनी. ते खिशात ठेवणं किती अवघड असतं हे तिथे कळलं.

चाक जमिनीवर असतानाच तिनं बोल्ट सैल केले, मग जॅक खुणेच्या जागी लावून गाडी उचलली. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवलं, म्हणजे जॅक निसटला तरी गाडी त्यावर टेकेल. नवं चाक बसवून बोल्ट हातानं फिरवले, एक सोडून समोरचा, अशा क्रमानं. गाडी उतरवल्यावर जोर लावून पक्के केले. पाचातले चारच होते, म्हणून गावापर्यंत हळू जायचं ठरलं. ह्यूई मला हळूच म्हणाला की म्हातारे डॉक्टरही याच रस्त्यानं असल्याच हवेत यायचे, आणि त्यांना चाक बदलता येत नव्हतं, नेहमी त्यालाच बोलवायचे.

पैसे त्यानं घेतले नाहीत. सासूबाईंनी वड्यांचा डबाच त्याच्या हातात दिला. त्यानं तिथेच एक तोंडात टाकली, डोळे मोठे केले, दुसरी घेतली.

बॅलीबोफेच्या बी अँड बीमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, आम्ही पोचलो तेव्हा मालकीणबाई दारातच होत्या. गॅपमध्ये स्वतः चाक बदलणाऱ्या नव्या डॉक्टर त्या तुम्हीच ना, हा पहिला प्रश्न. मधुरानं सांगितलं की अजून काही ठरलेलं नाही. हो हो, अगदी बरोबर, असं म्हणत बाईंनी दवाखाना एरवी किती वाजता उघडतो, तिथली गरम पाण्याची तऱ्हा काय, तिला राहायला खोली कुठे चांगली मिळेल, सगळं सांगून टाकलं. तिघांची खोली, नाश्त्यासकट, एकशेवीस युरोंच्या आसपास. नाश्ता इतका की दुपारचं जेवण वाचतं. टायरवाल्यानं त्याच संध्याकाळी पंक्चर काढलं, आणि चारही चाकांचे ते खास बोल्ट बदलून साधे बसवून दिले. तुम्हीही बसवा.

रविवारी उठलो तर सगळं पांढरं. दवाखाना रविवारी बंद, पण डॉक्टर वाट बघत थांबणार होते. मुख्य रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकलेलं होतं, वरच्या वळणाच्या रस्त्यावर नाही. चढ लागायच्या आधी, सपाटीवरच मधुरानं गाडी थांबवली. मी साखळी घेऊन मागच्या चाकापाशी गुडघे टेकले. मेसचा टेम्पो चालवायची सवय.

“पुढची, सतीश. ही गाडी पुढून ओढते.”

मी उठलो. तिनं साखळी चाकामागून घातली, वरून ओढून अडकवली, दुसऱ्या बाजूला तसंच. थोडं पुढे जाऊन उतरली आणि पुन्हा ताणली; पहिल्यांदा लावलेली साखळी सैल पडतेच. मग चढ. वेग सायकलीचा, आवाज उसाच्या गुऱ्हाळाचा. मी मागच्या सीटवर सासूबाईंशेजारी, हात मांडीखाली दाबून. एका वळणावर गाडी किंचित सरकली. मधुरानं श्वास घेतला, आम्ही ऐकला. साखळी बर्फात रुतली, गाडी सरळ झाली. सासूबाई मला म्हणाल्या, “आता बगा. ती वर जानार.”

डॉक्टर खिडकीत उभे होते. आत गेल्यावर ते दोघं खूप वेळ पेशंटबद्दल बोलले. मी आणि सासूबाई रेडिएटरला पाठ लावून बसलो.

उतरताना डांबर दिसायला लागलं तिथे तिनं गाडी थांबवली आणि साखळ्या काढल्या. मोकळ्या रस्त्यावर त्या चालवल्या तर तुटतात आणि टायरही खातात. काळ्या बर्फावर किंवा वितळलेल्या बर्फाच्या चिखलावर त्यांच्या भरवशावर राहू नका; साचलेल्या बर्फापुरत्याच त्या. हात पुसत ती म्हणाली, सोमवारी फोन करेन डॉक्टरांना. काय सांगणार, मी विचारलं.

“माझ्या गाडीला फुल मापाचं जादा चाक पाहिजे. एवढं बघ तू.”

सँट्रीपर्यंत तीच चालवत आली. एम-५० वरसुद्धा.

आता ती सोमवार ते शुक्रवार तिकडे असते. घर मोठं वाटतं, खोटं कशाला बोलू. दुकान आटोपून मी आलो की टीव्ही लावतो आणि हवामान डोनेगलचं बघतो. सासूबाई तासगावला परतल्या. या शुक्रवारी मधुरा आली ती बॅगेतून आइस्क्रीमचा एक डबा काढतच. ह्यूई रक्तदाब तपासून घ्यायला आला होता, तो दवाखान्याच्या काउंटरवर ठेवून गेला. आत फडक्यात बांधलेला ब्राउन ब्रेड, घरी भाजलेला. डबा रिकामा परत करू नये हे त्याला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवला, तर म्हणाल्या, आता तुमची पाळी.

म्हणून आज रविवारी सकाळी हे लिहिता लिहिता मी कोथिंबीर निवडतोय. मधुरा चारला निघते. डबा गाडीत जायचाय.