रेस्टिव्ह म्हणजे काय

त्या गावात इंग्रजी जाणणारा माणूस म्हणून लोक माझ्याकडे बघत, आणि मीही त्यांना तसं बघू देत होतो. खरं तर माझ्या इंग्रजीच्या तीनच इयत्ता झाल्या होत्या आणि तिसरीत मी कसाबसा पास झालो होतो. अलिबागच्या उत्तरेला, खाडीकाठच्या मिठागरांच्या गावातली एका मास्तराची शाळा मला मिळाली, तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो.

कायदा मोडून मीठ उचलायचं वारं सगळ्या किनाऱ्यावर सुटलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या गावात तोवर काही झालं नव्हतं. तरी मीठखात्याचा एक इन्स्पेक्टर येऊन दोन दिवस शाळेत मुक्कामाला राहिला. गोरा नव्हता, आपल्यातलाच. पण लिहायचा इंग्रजीत. माझ्याच टेबलाशी बसून लिही आणि मी जवळून गेलो की कागदावर हात ठेवी.

तो गेल्यावर शाळा झाडायला येणाऱ्या बाईला कोपऱ्यात एक चुरगळलेला कागद सापडला. बाई पन्नाशीची, विधवा. तिचा भाऊ मिठागरावरच्या मजुरांचा पुढारी. दोघं संध्याकाळी कागद घेऊन माझ्या खोलीवर आली.

"मास्तर, काय लिवलाय रं यात?" भावाने विचारलं. त्या गावात सगळ्यांना तूच म्हणत. मास्तरही त्यातून सुटला नव्हता.

दीडच ओळ होती, पुढे खाडाखोड. गावाचं नाव, मग 'पीपल', म्हणजे लोक, आणि मग एक शब्द: रेस्टिव्ह. रेस्ट म्हणजे विश्रांती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढचं शेपूट कळेना. 'येत नाही' असं म्हणायला तोंड उघडलंही होतं, पण दोघं टक लावून माझ्याकडे बघत होती.

"इथले लोक स्वस्थ आहेत, असं लिहिलंय," मी म्हणालो.

"स्वस्थ?"

"शांत. निवांत."

भावाने कागद घेऊन उलटसुलट केला. "साहेब आमच्याबद्दल बरा लिवील? कशापायी?"

"मास्तर वाचून सांगतो ना," बहीण म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी भाऊ आणि आणखी चौघे टोपल्या घेऊन मीठ उचलायला मिठागरावर गेले. साहेबाला गाव निवांत वाटतंय, म्हणजे पहाऱ्याला कोणी नसणार, असा त्यांचा होरा. बांधाच्या पलीकडे पोलीस दबा धरून बसले होते. पाचही जणांना अलिबागला नेलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत तीन मुलं आली, तिसऱ्या दिवशी एकही नाही. मी विहिरीवर गेलो की बोलणं थांबे. बाई झाडायला यायची बंद झाली. साहेब माझ्याकडे जेवला होता, मी त्याला माझं अंथरूण दिलं होतं, हे आता सगळ्यांना आठवत होतं. संशय मलाही चावू लागला. साहेबाने कागद मुद्दाम टाकला नसेल कशावरून? बाईने तो आधी दुसऱ्या कोणाला दाखवला नसेल कशावरून? पोलीस नेमके त्याच बांधाआड कसे? मी दिवसासुद्धा खोलीला आतून कडी लावू लागलो.

शाळेची पत्रकं द्यायला अलिबागला गेलो, तेव्हा ओळखीच्या एका वकिलांकडचा जाड इंग्रजी-मराठी कोश मागून घेतला. रेस्टिव्ह सापडला. मुळात घोड्याचा शब्द: लगाम न जुमानणारा, पाऊल पुढे न टाकणारा. मग माणसांसाठी: बिथरलेले, कधीही उसळतील असे. मी तसाच बसून पानं उलटत राहिलो. रेस्टलेस म्हणजे ज्याला एका जागी बसवत नाही. अनईझी म्हणजे ज्याच्या मनात काहीतरी सलतंय. अनसेटल्ड म्हणजे ज्याची घडी विस्कटली आहे. गेले काही दिवस मी यांतला प्रत्येक शब्द अंगावर काढत होतो, फक्त नावं ठाऊक नव्हती.

"काय शोधताय एवढं?" वकिलांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि कोश मिटला.

गावात परतलो तो तडक बाईच्या घरी गेलो. ती अंगणात सुकट पसरत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की अर्थ उलटा होता. लोक बिथरलेत, असं साहेबाने लिहिलं होतं.

"मंग निवांत का सांगितलास?"

"मला तो शब्द येत नव्हता."

"येत न्हाय, असा सांगायचा."

"लाज वाटली."

तिचे हात चालूच होते. "लाज वाटली, का साहेबानी शिकवला तसा बोललास?"

"नाही. लाजच वाटली."

"आता तरी खरा बोलतंस, कशावरून?"

मी आल्या पावली परत निघालो.

दोन दिवसांनी ती केरसुणी घेऊन आली. मग एकेक करून मुलं आली. भाऊ सुटून आल्यावर मी त्यालाही सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "बिथरलेलं व्हतोच आमी," तो म्हणाला. "साहेब खोटा न्हाय लिवला."

पुढे वर्षभराने माझी नागावकडे बदली झाली. तोवर गावात कोणाला पत्र आलं की ते माझ्याकडेच वाचायला येई. मी वाचून दाखवी. मग बाई तेच पत्र पदरात बांधून दोन मैलांवरच्या गावी पोस्टमास्तरकडे जाई आणि पुन्हा वाचून घेई. मराठी पत्रसुद्धा. हे तिने कधी लपवलं नाही. परतताना शाळेच्या दारात थांबून सांगे, "त्यानी पन तुझ्यासारखाच वाचला," आणि घरी जाई.