धाकूबुवांचा लंडनवरचा गजर

बळवंतबुवांचा गळा धाकूबुवांनी वीस वर्षं सोसला. सोसवेना तो बळवंतबुवांचा मुलगा. सहदेव शिकायला लंडन विद्यापीठात गेला आणि घाटकोपरच्या भटवाडीतल्या सगळ्या बायकांच्या तोंडी ‘लंडन’ हा शब्द मिठासारखा आला. त्याच्याच बाकावर बसून तेवढेच मार्क मिळवलेला धाकूबुवांचा जयवंत गोरेगावच्या स्टुडिओत दिवे उचलत होता.

त्यात पंच्याऐंशीच्या माघात वाडीच्या सार्वजनिक पूजेच्या दुपारी डबलबारी ठरली. म्हणजे दोन भजनी बुवा समोरासमोर. एकानं स्वतः रचलेल्या गजरातून टोला हाणायचा, दुसऱ्यानं परतवायचा. फलकावर रंगवलं होतं: ‘बळवंतबुवा (चिरंजीव लंडन)’. खाली ‘धाकूबुवा’. कंसात काही नाही. यंदा टोला परतवला नाही, तर पुढल्या वर्षी फलकावर तेवढंही नाव राहणार नाही, हे त्यांनी ओळखलं.

गिरणीचा संप फसल्यापासून धाकूबुवा घाटकोपरच्या एका वाचनालयात शिपाई होते. तिथल्या ग्रंथपाल रत्नप्रभाबाईंना त्यांनी गळ घातली, की त्या लंडनच्या विद्यापीठाची काही भानगड असेल तर सांगा. बाई म्हणाल्या, विद्यापीठाची कसली भानगड असणार? तरी त्यांनी जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला आणि मराठीत सांगत गेल्या. आधी एक कॉलेज निघालं, तिथं धर्म शिकवायचा नाही असं ठरलं. ते पाहून धर्मवाल्यांचं पोट दुखलं, त्यांनी चुरशीनं दुसरं काढलं. पदव्या कोणी द्यायच्या यावरून ओढाताण झाली. शेवटी १८३६ साली राजाच्या सनदेनं तिसरीच संस्था झाली, तिचं नाव विद्यापीठ. ती शिकवायची कोणालाच नाही, नुसती परीक्षा घ्यायची. आपलं मुंबईचं विद्यापीठही त्याच साच्यातून निघालं. आता तिच्या पंखाखाली तीसचाळीस संस्था आहेत, आणि प्रत्येकीला वाटतं आपणच खरी.

धाकूबुवांचे डोळे चकाकले. मत्सरावर उभं राहिलेलं विद्यापीठ! हे तर घरचंच प्रकरण निघालं.

बारीत बळवंतबुवांनी अपेक्षेप्रमाणे लंडन काढलं. मान तिरकी, नाकातून स्वर, मालवणीत ‘माझो झील सायबाच्या देशाक, तुझो खय रे धाकू?’ माणसं खदखदली. जयवंत मागं टाळ वाजवत होता, त्यानं मान खाली घातली. धाकूबुवांनी पेटीवर बोट ठेवलं आणि सावकाश गजर उचलला:

‘एकानं काढलं कॉलेज, देवाचं नाव नको म्हणे,
दुसऱ्यानं काढलं चुरशीनं, देवाविना भाव नको म्हणे,
दोघांची जिरवाया राजानं तिसरा नेमला परीक्षेला,
शिकवी ना कुणा अक्षर, विद्यापीठ नाव मिरवायला!’

पखवाजवाला उठून उभा राहिला. बळवंतबुवांनी आधीचाच टोला पुन्हा ओढला आणि बारी हरले. आपला मुलगा शिकतो त्या जागेचा जन्म त्यांना ठाऊकच नव्हता.

महिन्याभरानं बळवंतबुवा वाचनालयाच्या दारात, हातात सहदेवचं पत्र. पोराला गजराची हकिगत फार आवडली होती. तिथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात तो म्हणणार होता. शब्द हवे होते.

धाकूबुवा मनात चडफडले. आपण जिंकलो काय, आणि लंडनला टाळ्या घेणार परत तोच!

‘शब्द दी रे,’ बळवंतबुवा म्हणाले. ‘तुझा नाव लंडनाक जातला.’

‘तुझ्या झिलाच्या तोंडान?’

‘मग काय तू जातलंस?’

धाकूबुवा आत गेले. रत्नप्रभाबाईंकडून कागद घेतला, अर्धा तास खाली मान घालून लिहिलं, पाकीट डिंकानं दोनदा चिकटवलं आणि बळवंतबुवांच्या हातात दिलं.

‘पोस्टात टाक. मधे फोडू नको.’

आत गजराच्या वर, गजराहून मोठ्या अक्षरांत, लिहिलं होतं: ‘चि. सहदेव, शब्द व चाल धाकूबुवा, भटवाडी. हे आधी मोठ्यानं सांगणे. टाळ धरला जयवंतानं, तेही सांगणे. तुझे वडील या बारीत हरले, हे शेवटी सांगणे.’